टेंप म्हणजे देऊळ

आमच्या घरातला कॉम्प्युटर खरं म्हणजे लेकीचा. वर्षाराणी लग्न होऊन हैदराबादला गेली, तिनं नवा लॅपटॉप घेतला आणि हा जुना डबा नांदेडला आमच्यापाशी राहिला. मी त्यावर मराठी टायपिंग शिकले. पुढं हे, म्हणजे वर्षाराणीचे बाबा बसवंतराव, नायगावच्या तहसीलमधून निवृत्त होऊन घरी बसले आणि त्यांनी कॉम्प्युटरची प्रकृती सुधारायला घेतली.

कॉम्प्युटर आजारी नव्हता. हळू चालायचा, एवढंच. मीही हळूच चालते.

पण ह्यांना व्हिडिओवर एक माणूस भेटला. तो रोज सांगायचा की विंडोजच्या कॉम्प्युटरमध्ये फुकटातली ही ही साधनं घाला आणि बघा. मग ह्यांनी एक कचरा काढणारं घातलं. एक जुने प्रोग्रॅम उपटून टाकणारं घातलं. एक आतली उष्णता सांगणारं, एक ड्रायव्हर आणून देणारं. व्हायरसवर नजर ठेवणारे दोन घातले, आणि ते दोघं रखवालदार दिवसभर एकमेकांनाच चोर म्हणून धरायचे. पडद्याच्या कोपऱ्यात सारखं काहीतरी लाल व्हायचं, टुंग वाजायचं. मला एक ओळ टाईप करायची तर आधी चार चौकटी बंद कराव्या लागायच्या.

"अहो, काय काय घालून राहिलात त्यात?" मी विचारलं.

"फुकट हाय गं समदं. एक रुपया लागत न्हाई."

"फुकट आहे म्हणून आपण पंक्तीला दोनदा बसतो का?"

"पंक्तीचं काय आलं त्यात? तो माणूस म्हणतो, एवढं घातलं की कॉम्प्युटर घोड्यावानी पळतो."

"पळतोय का?"

ह्यांनी पडद्याकडं पाहिलं. पडद्यावर गोल फिरत होतं. "आता जरा दम खाऊन राहिला," हे म्हणाले.

आम्हा लिंगायतांत गळ्यात लिंग असतं. लहानपणी गुरूंनी बांधलेलं, ते शेवटपर्यंत. दुसऱ्या देवांना नावं ठेवायची नाहीत, पण तळहातावर घ्यायचं ते आपलं एकच. मी ह्यांना तेच सांगितलं. विंडोजचं स्वतःचं सफाईचं साधन आत आहे, स्वतःचा रखवालदार आहे. तो पुरतो. बाहेरून आणायचंच झालं तर ज्या कामाला घरात काही नाही त्या कामापुरतं एक आणा, नीट चौकशी करून, ज्यानं केलं त्याच्याच दारातून. आणि फुकट म्हणून घरात येताना जो सोबत आणखी दोघा-तिघांना गुपचूप आत घेतो, त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवा.

"लिंगाचं आन् क्लीनरचं काय नातं गं?" हे म्हणाले.

"निष्ठेचं."

"तुझं आपलं काहीतरीच."

माझा आवाज मुळातच लहान. तो ह्यांच्या कानापर्यंत जातो, पण आत उतरत नाही.

आता मी त्या कॉम्प्युटरवर काय टाईप करत होते ते सांगते. रेणापूरला माझी मावशी आहे, कस्तुराबाई. तिला शिवाची जुनी पदं येतात, जी आमच्या मठात आता दुसऱ्या कुणाला येत नाहीत. ती कधी कागदावर आली नाहीत. तिच्या सासूनं तिच्या ओटीत घातली, तिनं माझ्या. आमच्यात पद देताना खरंच ओटी भरतात. पदर पसरायचा, त्यात तांदूळ, खोबरं आणि त्याबरोबर पद. एकदा ओटीत पडलं की ते तुमचं. मग देणारीकडं परत मागायचं नाही, ते अशुभ. सांडलं तर तुमचं तुम्ही पाहा.

मी तिच्याकडं राहून पदं मोबाईलवर घेतली आणि नांदेडला येऊन वर्षभर टाईप करत बसले. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी मठात पुस्तक वाटायचं ठरलं होतं. लातूरच्या व्यंकट प्रेसवाल्यांना मी शब्द दिला होता. मावशीनं शेजारणींना सांगून ठेवलं होतं की माझं पुस्तक येणार हाय, चष्मे पुसून ठेवा.

ही सगळी पदं एका फोल्डरमध्ये होती. मठाची पदं, म्हणून फोल्डरला इंग्रजीत टेंपल असं नाव द्यायला बसले. शेवटी एल आधी की ई आधी, ते ध्यानात येईना. चुकीचं लिहिण्यापेक्षा कमी लिहिलेलं बरं, म्हणून टेंपवरच थांबले. रोज सकाळी ते टेंप उघडताना मला कळस दिसायचा.

मोबाईलमधला आवाज ह्यांनी आधीच पुसला होता. मोबाईलचं सफाईचं साधन 'मोठ्या फायली' म्हणालं होतं. टाईप झालेलं होतं, म्हणून मी सोडून दिलं. पेनड्राईव्हवर एक प्रत होती. तो पेनड्राईव्ह ह्यांनी मोकळा करून त्यात ती सगळी फुकटातली साधनं भरून ठेवली, कुणाचा कॉम्प्युटर आजारी पडला तर न्यायला. हे मला नंतर कळलं.

त्या दिवशी सकाळी मी पूजेला बसले होते. अंघोळ झाली की भस्म लावायचं, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि त्याच्याकडं एकटक पाहायचं. पूजा उतरेपर्यंत तोंडात पाणी नाही आणि तोंडातून शब्द नाही. लग्नाआधीपासूनचा नेम आहे. दूधवाला आला, कुणी काही विचारलं, तर मी उजवा हात वर करते. हाव, चालू द्या, असा त्याचा अर्थ घरात सगळ्यांना पाठ आहे.

बाहेरच्या खोलीत व्हिडिओतला माणूस बोलत होता. टेंप नावाचं जे जे सापडेल ते कायमचं पुसा, तो सगळा साचलेला कचरा आहे, असं काहीतरी.

"अगं," ह्यांनी हाक मारली. "हे टेंप इथं बाहेरच पडलंय. लई भरलंय गं. पुसू का?"

माझी नजर लिंगावरून हलली. तेवढ्या वर्षांत हलली नव्हती. मी घशातून हूं हूं केलं आणि 'थांबा' म्हणून हात वर केला. उजवा.

"बरं," हे म्हणाले.

एक टिचकी ऐकू आली. मग त्यांनी मन लावून कचऱ्याचा डबासुद्धा रिकामा केला.

पूजा कशी उतरवली ते मला माहीत. लिंग वस्त्रात गुंडाळून गळ्यात घातलं, तीर्थ घेतलं, आणि बाहेर येऊन म्हटलं, "अहो, टेंप म्हणजे देऊळ होतं."

"टेंप म्हंजे टेंपररी," हे म्हणाले. "तात्पुरतं."

"मावशीची पदं होती त्यात."

ह्यांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नाही. पण वाईट वाटलं की लगेच काहीतरी करायला जातो. मी पाण्याचा तांब्या ठेवून येते तोवर व्हिडिओतल्या त्याच माणसाला विचारून ह्यांनी पुसलेलं परत आणणारं एक साधन उतरवून घेतलं होतं, दुसरं उतरत होतं, तिसऱ्याला होकार देऊन झाला होता.

"तीन घालतो. एक ना एक लागू पडंल."

मी वाकले आणि भिंतीतली पिनच उपसली. पडदा काळा झाला.

"असा बंद करू नये गं त्याला. बिघडतो."

"रांगोळी पुसली तरी खालची रेघ दिसते," मी म्हटलं. "दिसते तोवर ती परत भरता येते. तिच्यावर तुम्ही दुसऱ्या तीन काढत होतात."

मी प्रेसवाल्या व्यंकटरावांना फोन लावला.

"काकू, तुम्ही पिन उपसली ते लई ब्येस केलं," ते म्हणाले. "आता लावूच नका. आहे तसा डबा घेऊन या."

डबा रजईत गुंडाळून आम्ही एसटीनं लातूरला निघालो. हे मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं विचारलं, "पाहुणे, बाळ किती वर्षाचं?"

"लगेज हाय," हे म्हणाले.

"रडू देऊ नका म्हणजे झालं."

चाकूरला ह्यांनी भजी घेतली आणि पुडा माझ्यापुढं धरला. माझा श्रावणी सोमवारचा उपास. बत्तीस वर्षं बघतायत.

व्यंकटरावांनी डबा खोलून आतली डिस्क काढली आणि आपल्या मशीनला बाजूनं जोडली. त्यांच्या पडद्यावर काही लाल होत नव्हतं, टुंग वाजत नव्हतं.

"तुमच्याकडं कुठली कुठली साधनं हायत?" हे मागून वाकून विचारायला लागले. "सगळ्यात भारी फुकटातलं कुठलं?"

"हे परत आणणारं एक. एक फायली झिप करून गाठोडं बांधायचं. बाकी विंडोजचंच."

"बास?"

"काका, छपाईचं काम आहे माझं. कॉम्प्युटरची जत्रा कशाला भरवू?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहत बसले, तोंड दिसू नये म्हणून.

दुपार उलटली तेव्हा पदं यायला लागली. नावं गेली होती, नुसते आकडे होते, पण उघडलं की आतून मावशी निघायची. एकेक वाचून मी 'हे आहे' म्हणत गेले. शेवटी एकच सापडेना. त्याच्या जागेवर ह्यांनी उतरवलेलं पहिलं साधन जाऊन बसलं होतं. व्यंकटरावांनी तीन तऱ्हेनं पाहिलं आणि मान हलवली.

ते पाहुण्याचं पद होतं. मावशीचं सगळ्यात आवडतं. पुस्तकाचं पहिलं पान तेच होतं. मला त्याची चाल आठवत होती, दोन ओळी आठवत होत्या. मधलं कडवं, जिथं खरं पद आहे, ते बोटांनी टाईप केलं होतं. तोंडानं नाही.

रेणापूर तिथून जवळ. मावशीला न सांगता पुस्तक छापणं मला जमलं नसतं, आणि परत मागता येत नव्हतं. अशा कोंडीत मी तिच्या दारात उभी राहिले.

मावशी ओट्यावर लसूण सोलत होती. सगळं ऐकून घेतलं. मग ह्यांच्याकडं वळली.

"जावईबापू, टेंप म्हंजे काय म्हणालात?"

"तात्पुरतं, मावशी."

"आन् माझी पदं तात्पुरती व्हती व्हय."

"न्हाई, तसं न्हाई. ते नाव..."

"ह्या म्हानंदीला तोंड न्हवतं का?" तिनं माझ्याकडं बोट केलं.

"पूजेत होती," हे म्हणाले. "हात केला तिनं. मला वाटलं हाव म्हणून राहिली."

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. मी पदर आवरून घेतला होता, पसरला जाऊ नये म्हणून.

"तुला न्हाई देणार," ती म्हणाली. "दिलेलं परत दिलं तर पद रुसतं. माझ्या सासूनं बजावलंय."

"मी मागायला आले नाही, मावशी."

"ठावं हाय. सांडलं कुणी?"

"मी," हे म्हणाले.

"मग तुम्ही धरा ओटी."

हे माझ्याकडं बघायला लागले. पुरुषाच्या ओटीत पद घातलेलं आमच्यात कुणी ऐकलं नव्हतं. पण नको म्हणून सांगितलेलंही कुणी ऐकलं नव्हतं. मावशीनं आतून तांदूळ आणि खोबऱ्याची वाटी आणली. ह्यांनी खांद्यावरचं उपरणं पसरलं. सवयीनं एक हात खिशातल्या मोबाईलकडं गेला.

"ते ठेवा," मावशी म्हणाली. "त्याच्यात न्हाई. टाळक्यात घ्या. जागा हाय ना, का तिथंबी साफ करावं लागतंय?"

मग तिनं म्हटलं. दात गेल्यामुळं स सुटत नव्हता, पण पद सुटलं नाही.

तळहाताच्या पाटावरी बसला माझा पाहुणा गं
पाय धुवाया पाणी न्हाई, डोळ्यांचा केला रांजण गं

ह्यांनी ती ओळ अकरा वेळा चुकवली असेल. मावशीनं सोडलं नाही. अंधार पडायच्या आत आम्ही व्यंकटरावांच्या प्रेसमध्ये परत गेलो. ह्यांनी म्हटलं, मी टाईप केलं. एक प्रत त्यांच्याकडं, एक नव्या पेनड्राईव्हवर, जो आता माझ्या पूजेच्या डब्यात असतो. फोल्डरला मी मराठीत 'मठ' असं नाव दिलं.

पुस्तक वेळेवर वाटलं गेलं. मावशीनं पहिलं पान डोळ्यांना लावलं.

घरी आल्यावर ह्यांनी ती सगळी साधनं एकेक करून काढली. ती काढण्यासाठी आधी एक साधन घालावं लागलं, तेवढं मी चालवून घेतलं. आता कॉम्प्युटर पहिल्यासारखा हळू चालतो. व्हिडिओतल्या माणसाचा आवाज घरात येत नाही. त्याच्याऐवजी हे पद म्हणतात. ओटीत पडलंय, सांडू द्यायचं नाही, म्हणून सकाळी नेमानं म्हणतात. माझ्या पूजेच्या वेळी.

आज सकाळी लिंग तळहातावर होतं, नजर लिंगावर होती, आणि बाहेरून आलं, "पाय धुवाया पाणी न्हाई, डोळ्यांचं केलं अंजन गं."

रांजण. पाणी नाही म्हणून डोळ्यांचा रांजण केला. अंजनानं कुणी पाहुण्याचे पाय धुतं का? मी घशातून हूं हूं केलं. मग काहीच सुचेना, तेव्हा 'थांबा' म्हणून हात वर केला.

ह्यांनी दारातून पाहिलं, खूश झाले, आणि तीच ओळ आणखी मोठ्यानं म्हणायला लागले.