डॉन निकानोरचा अखेरचा निरोप

"माझ्या भोंग्यानं हाक दिली आणि गाव आलं नाही, असं अजून घडलेलं नाही," सिरियाको म्हणाला आणि माते नावाच्या कडू चहाचा एक लांब घोट नळीनं ओढला.

"मागच्या नाटकाला तिघं आले होते," त्याची बायको एदेल्मिरा म्हणाली. "त्यातला एक पावसात अडकला होता म्हणून."

"त्या वेळी माझा घसा बसला होता."

क्लबच्या अध्यक्षा डोन्या एर्मिंदा समोरच बसल्या होत्या. "हे बघ सिरियाको, आजच्या नाटकालाही खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर सोमवारी सभागृहातला तो मंच उखडून टाकणार. तिथं बोचासचं मैदान करू. निदान म्हातारे चेंडू तरी घरंगळवतील."

एदेल्मिराचा चेहरा पडला. शहरातून ही दोनच माणसांची नाटक मंडळी तिनंच हातापाया पडून बोलावली होती. मंच गेला तर या गावात पुन्हा कुणी नाटकवाला फिरकणार नव्हता. तिचा चेहरा पाहून सिरियाकोनं छातीवर हात मारला आणि गाडी काढली.

गाडीच्या टपावर भोंगा. गावात काहीही सांगायचं तर याच भोंग्यातून, मग ती हरवलेली गाय असो, स्वस्तातले टोमॅटो असोत नाहीतर कुणाचं मरण. सिरियाको होता हुशार. नाटक म्हटलं की हे गाव दारं लावून घेतं, हे त्याला पक्कं ठाऊक. म्हणून त्यानं तो शब्दच गाळला आणि नुसतं नाटकाचं नाव घेतलं. नाचाच्या गाण्यांची कॅसेट उन्हात वितळली होती, म्हणून उरलेली लावली. ती चर्चमधल्या ऑर्गनची, संथ.

"आज संध्याकाळी सात वाजता," तो घोगऱ्या, भारदस्त आवाजात म्हणाला, "क्लबच्या सभागृहात, डॉन निकानोरचा अखेरचा निरोप. सर्वांनी यावं."

कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. बेकरीवाल्या क्लोतिल्देनं शटर अर्ध्यावर ओढलं. कुणी कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला.

"बघ, कलेचा मान," सिरियाको घरी येऊन म्हणाला.

एदेल्मिरानं भोंगा घरातूनच ऐकला होता. "अरे म्हाताऱ्या, तू माणूस मारलास."

सिरियाको मटकन खाली बसला. मग म्हणाला, "पुन्हा जाऊन सांगतो, कुणी मेलेलं नाही."

"सांग. मग येईल कोण?"

तो उठला नाही. तिनंही उठवलं नाही.

सातच्या आधीच सभागृह भरलं. सगळे काळ्या कपड्यांत. खाटकानं तर फुलांचं चक्र आणलेलं.

"भला माणूस होता निकानोर," एक जण म्हणाला.

"भला, पण पैशाला चिकट. मला आजारी घोडा विकला होता त्यानं."

"घोडा नव्हे, खेचर."

निकानोर नावाचा माणूस या गावात कधीच राहिला नव्हता. पण ओळखत नाही म्हणायला कुणी तयार नव्हतं.

दारात त्या नाटक मंडळीतली नटी सुलेमा उभी होती, काळ्या शालीत. क्लोतिल्देनं तिला कवेत घेतलं, "धीर धर, पोरी." सुलेमानं क्षणभर सिरियाकोकडे पाहिलं. त्याला वाटलं, आता ही बोलणार आणि सगळं संपणार. पण तिनं मान खाली घातली, म्हणाली, "आत या, तो आत आहे," आणि स्वतः पुढे झाली. नाटक सुरू झालं होतं.

मंचावर एका टेबलावर नट निजला होता. तिनं ओल्या फडक्यानं त्याचा चेहरा पुसला. केस विंचरले. सदऱ्याची बटणं एकेक करून लावली. एक शब्द नाही. या गावात घरोघरी असं कुणी ना कुणी आपल्या माणसासाठी केलेलंच होतं, पण दार लावून. समोर बसून कुणी पाहिलं नव्हतं. खोकणारे खोकायचे थांबले.

मग तिनं त्याला दोन्ही हातांनी उचलून उभं केलं. त्याचे डोळे मिटलेले, मान तिच्या खांद्यावर. त्याचे पाय तिनं आपल्या पावलांवर घेतले आणि ती त्याच्यासकट नाचू लागली. बाजा नव्हता. नुसत्या फळ्या करकरत होत्या.

"हे खरं नाही," क्लोतिल्दे कुजबुजली.

"मग रडतेस कशाला?" शेजारीण म्हणाली.

"गप्प बस गं."

सिरियाको म्हणजे दिवसभर बोलणारा माणूस, पण आता त्याला स्वतःचा श्वास मोठा वाटत होता. नाचता नाचता मेलेल्याचा एक हात वर आला आणि तिच्या केसांवरून फिरला. सगळं सभागृह एकदम मागे टेकलं, गव्हाच्या शेतावरून वारा जावा तसं. पळालं कुणी नाही.

दोघांनी प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला. टाळी एकही पडली नाही, मयताला कोण टाळ्या वाजवतं? सुलेमाचा चेहरा पांढरा पडला. डोन्या एर्मिंदांनी डोळे पुसले.

"मंच राहू दे," त्या सिरियाकोला हळूच म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी कोण मरणार आहे?"

मग त्या उठल्या आणि रिवाजाप्रमाणे मयताच्या कपाळाला हात लावायला वर चढल्या. नट बिचारा मुकाट्यानं पुन्हा टेबलावर निजला. एर्मिंदांच्या मागे क्लोतिल्दे, तिच्या मागे खाटीक फुलांचं चक्र घेऊन, त्याच्या मागे सगळं गाव.

निम्मी रांग वर आली तेव्हा तेवढ्या वजनानं मंच मोडून खाली बसला. गावकऱ्यांपैकी कुणाला काही झालं नाही. डॉन निकानोरचा पाय मोडला.