बिनपाण्याची मुळं

“आप्पा, रोज पानी घालत व्हता का काय ह्याला?”

सविताने कुंडी उजेडाला धरली. लिंबाएवढं निवडुंग बुडापासून काळं पडून मऊ झालं होतं आणि एका बाजूला कललं होतं. तिचा बाप मल्हारी दारात उभा होता.

“रोज न्हाई. एक दिसाआड,” तो म्हणाला. “गावाला सोडतो तसंच.”

न्हावरे गावाला नळाचं पाणी सोडायचं काम तो बावीस वर्षं करत होता. टाकीखालचे व्हॉल्व्ह उघडायचे, कुठल्या आळीला किती वेळ ते पाळायचं आणि शिव्या ऐकून घ्यायच्या. २००३ सालच्या त्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली होती. टाकी टँकरने भरावी लागत होती आणि लोक त्याच्या दारापर्यंत येऊन भांडत होते. तशातही त्याने स्वतःच्या तांब्यातलं पाणी या रोपाला घातलं होतं, कारण रोप सविताने आणलं होतं.

दोन वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून ती माहेरी आली. सहा महिन्यांत रांजणगावच्या एका कंपनीत पॅकिंगला लागली आणि कारेगावात खोली घेऊन राहिली. “एकटी बाई ऱ्हाती व्हय कुठं?” एवढंच मल्हारी तेव्हा बोलला होता. त्या खोलीवर तो एकदाही गेला नव्हता. सुट्टीच्या दिवशी तीच यायची.

तिने आईची विळी मागून घेतली. काळा भाग कापला. आत लालसर डाग दिसला तसं आणखी कापलं. शेवटी आवळ्याएवढा हिरवा शेंडा उरला.

“ह्यो खिडकीत ठिवा. माती न्हाई, पानी न्हाई. काईच न्हाई.”

“बिगर मुळ्यांचं जगंल कसं गं?”

“नर्सरीवाला म्हनला, जगतं. मला तरी कुठं ठावं हाय?”

ती साडेचारच्या एसटीने गेली.

आठवड्यात कापलेली बाजू सुकून टाचेच्या कातडीसारखी झाली. शेंडा थोडा आक्रसला. मल्हारीला बघवेना. एकदा तांब्या घेऊन तो खिडकीशी गेला, तेव्हा त्याची बायको बानूबाई चुलीपुढून ओरडली, “घालू नगा! पोरीनं सांगितलंय न्हवं?” बावीस वर्षांत पाणी सोडू नको म्हणणारं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं.

महिना झाला. एका दुपारी टँकरवर दोन आळ्यांची जुंपली. मध्ये पडलेल्या मल्हारीचा सदरा फाटला. घरी येऊन तो खिडकीखाली टेकला. सहज हात लांबवून त्याने शेंडा उचलला, उलटा केला आणि तसाच थांबला.

सुकलेल्या कातडीतून तीन पांढरी मुळं बाहेर आली होती. दोऱ्याएवढी बारीक, टोकाशी जराशी गुलाबी. वाऱ्यात, मोकळ्यावर.

“आगं, हिकडं ये,” तो हळू आवाजात म्हणाला.

बानूबाई पदराला हात पुसत आली. वाकून बघून तिने तोंडावर हात ठेवला.

“ह्याला पानी कुनी दिलं वं?”

“कुनी बी न्हाई.”

  आपण व्हॉल्व्हची चावी फिरवली तरच गाव जगतं, असं मल्हारीला इतकी वर्षं वाटत आलं होतं. तासाभराने शेजारची दगडाबाई रिकामा हंडा घेऊन भांडायला आली, तेव्हा त्याने तळहातावर तो शेंडा तिच्यापुढे धरला. तिने हंडा खाली ठेवला, मुळं पाहिली आणि हात जोडले.

दुसऱ्या दिवशी पाणी सोडून झाल्यावर त्याने शेंडा एका डब्यात कापडावर ठेवला. शिरूरला गाडी बदलून तो कारेगावात उतरला आणि विचारत विचारत पत्र्याच्या चाळीशी पोचला. खोलीला कुलूप होतं. शेजारच्या खोलीतून एक तरणी बाई कडेवर पोर घेऊन बाहेर आली.

“किससे मिलना है, चाचा?”

न्हावऱ्यात सविताला सगळे मल्हारीची पोरगी म्हणूनच ओळखत. तो जरा अडखळला.

“म्या... सविताचा बाप.”

“अरे, दीदी के पिताजी!” तिने घाईने डोक्यावर पदर घेतला. “मुन्ने को बुखार था, तो दीदी ही दवाखाने ले गयी थी. बैठिए ना.”

तिने आतून प्लास्टिकची खुर्ची आणली, पुसून सावलीत ठेवली. मल्हारी मांडीवर डबा घेऊन अवघडून बसला. आजूबाजूच्या दारांतून बायका डोकावून बघत होत्या. “दीदी के पिताजी,” असं ती प्रत्येकीला सांगत होती.

साडेतीनला कंपनीची बस रस्त्यावर थांबली. निळ्या कपड्यांतली सविता उतरली. पाठोपाठ तीन-चार पोरी उतरल्या. ती त्यांना काहीतरी बजावून सांगत होती आणि त्या माना डोलवत ऐकत होत्या. तो आवाज मल्हारीने घरी कधी ऐकला नव्हता.

चाळीकडे वळताना तिचं बापाकडे लक्ष गेलं. ती रस्त्यातच थांबली.

मल्हारी डबा दोन्ही हातांत धरून पोरीसाठी खुर्चीवरून उठून उभा राहिला.