सांध्यापाशी होणारा टक्

पोलादी गोळी माझ्या सांध्यावरून जाते, तेव्हा 'टक्' असा आवाज होतो. तो इतका हलका असतो, की वर्गातला पंखा चालू असला तर पहिल्या बाकावरही ऐकू जात नाही. मला मात्र तो दर वेळी ऐकू येतो. मित्रांनो, आज मला त्या आवाजाविषयीच सांगायचे आहे, आणि सांगताना अजूनही माझी मान खाली जाते.

मी कापडे गावच्या शाळेतली एक जुनी उतरती फळी आहे. खरे तर मी दोन फळ्या आहे, समोरासमोर कललेल्या आणि तळाशी पत्र्याच्या पट्टीने जोडलेल्या. महादू सुताराने एक दार करून उरलेल्या फणसाच्या लाकडातून मला बनवले आणि मधोमध गोळीसाठी खोबण कोरली. गोळी पोलादपूरच्या गॅरेजमधून आली, ट्रकच्या बेअरिंगमधली.

माझे काम साधे आहे. एका उतारावर गोळी उंच धरायची. उंचीमुळे तिच्यात स्थितिज ऊर्जा असते. सोडली की ती वेग घेते आणि त्या ऊर्जेची गतिज ऊर्जा होत जाते. तळाशी वेग सर्वांत जास्त असतो. समोरचा चढ चढताना वेग कमी होतो आणि उंची वाढते. या दोन्ही ऊर्जांची बेरीज म्हणजे यांत्रिक ऊर्जा. घर्षण नसेल, तर ही बेरीज तेवढीच राहते. म्हणून पुस्तकातल्या चित्रात गोळी समोर अगदी तेवढ्याच उंचीला पोचते.

माझ्यावर नुसती सोडलेली गोळी तेवढी कधीच पोचली नाही. समोरच्या फळीवर त्याच उंचीला केलेल्या खुणेच्या दोन बोटे खाली थांबायची आणि मागे फिरायची.

विज्ञान शिकवणाऱ्या राजश्रीबाई शाळेत नव्या होत्या, तेव्हा एका तपासणीत असेच झाले आणि आलेले साहेब हसले. त्यानंतर बाई गोळी सोडताना तिला बोटाने किंचित ढकलू लागल्या. गोळी खुणेला टेकायची, मुले टाळ्या वाजवायची. ते बोट फक्त मला कळायचे. मला वाटायचे, दोष माझाच आहे. माझी खोबण खरखरीत, माझी पट्टी उचललेली, म्हणून बाईंना हे लपूनछपून करावे लागते. एकदा तर धक्का जास्त लागला आणि गोळी खुणेच्याही वर गेली. तरी टाळ्या पडल्याच! त्या दिवशी कपाटात परत जाताना मला तोंड लपवावेसे वाटले.

दर वर्षी विज्ञान प्रदर्शनाआधी बाई मला पुसायच्या आणि स्वतःशीच पुटपुटायच्या, "यंदा सांगूनच टाकते." आणि मग ते पुढच्या वर्षावर जायचे.

यंदा प्रयोग दाखवायला नववीतली निशिगंधा निवडली होती. ती कुडपणची, वरच्या पठारावरची. पोलादपूरच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तिने सगळ्या वर्गासमोर गोळी सोडली. गोळी दोन बोटे खाली थांबली.

"काय गो, गोळीला जेवण नाय दिलंस काय?" यशराज मागून ओरडला. "बाईंच्या हातून बरी जाते! उद्या पोलादपुरात ही शाळेचं नाक कापणार."

तिने पुन्हा सोडली. पुन्हा तेच. तिचे कान लाल झाले.

"बाई, माझं नाव काढा," ती म्हणाली. "माझ्या हातालाच जमत नाय."

बाई पुढे आल्या. त्यांनी तिचे बोट धरून गोळीच्या मागे टेकवले. "हे बघ, सोडताना जरासं..."

आणि त्यांनी ते बोट किंचित पुढे रेटले.

"ढकलायची?" निशिगंधाने विचारले. "मग ती उंचीची ऊर्जा कशी, बाई? ती तर माझ्या बोटाची झाली." ती थोडी थांबली. "आमचे आबा कुडपणचा उतार गाडी बंद करून उतरतात. समोर चढ आला की गाडी मध्येच थांबते, पाय टेकून ढकलावी लागते. येवढ्या उंचीवरून येऊनपण."

"तुझ्या आबांची गाडीच भंगार हाय!"

वर्ग हसला. निशिगंधा हसली नाही. "असू दे भंगार. पण हितं मधे टक् वाजतं, ते काय फुकट वाजतं?"

मित्रांनो, इतकी वर्षे ज्या आवाजाची मला लाज वाटत होती, त्याचा हिशेब त्या मुलीने मागितला होता. गोळीची ऊर्जा कुठे नाहीशी होत नव्हती. थोडी त्या आवाजात जात होती, थोडी खोबणीला घासून उष्णता होत होती. मी ते रोज दाखवत होते, आणि रोज ते झाकले जात होते. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंची धूळ जरूर पुसा, उचललेली पट्टी ठोकून बसवा. पण आम्ही जे दाखवतो, ते आमच्या लाजेखातर लपवू नका.

बाईंनी तिचे बोट हळूच सोडले. त्यांचा हात माझ्या कडेवर टेकलेला होता.

"आबांना सांग, घाटात गाडी बंद करू नका," त्या म्हणाल्या. मग त्यांनी वर्गाकडे पाहिले. "हिचं नाव राहील. आणि उद्या गोळीला कुणी ढकलायचं नाही. इतकी वर्षं मी ढकलत होते. उद्या मीही नाही."