सफरचंद काळं पडू नये म्हणून

फळं डबाबंद करणाऱ्या कारखान्यात तिला सगळे सुरीबाई म्हणत. हात सुरीसारखा, आणि जीभ त्याहून धारदार. सफरचंदाची फोड कापल्याबरोबर लिंबाच्या पाण्यात पडली पाहिजे, नाहीतर हवा लागून काळी पडते, हे ती नव्या बायकांना दरडावून शिकवायची. "हवा कुणाला सोडत नाही गं, फोडीला नाही नि माणसाला नाही," असंही वर ऐकवायची.

त्यामुळे नवऱ्याच्या किडन्या दुबळ्या झाल्याचं कळल्यावर, चार दिवस रडून झाल्यावर, तिला वाटलं की हे तर आपल्याच खात्यातलं काम. कारखान्याच्या भिंतीवर पोस्टरच होतं: लिंबू फोडीला जपतं तशी फळांतली अँटिऑक्सिडंट्स शरीरातले अवयव जपतात. झालं! संत्री, टोमॅटो, बीट, पालक, जे हाताला लागेल त्याचा रस काढून ती रोज सकाळी भलामोठा पेला नवऱ्यापुढे ठेवू लागली. नवरा शिंपी. स्वभावाने इतका गरीब, की चूक गिऱ्हाइकाची असली तरी शिवण हाच उसवून द्यायचा.

"एका दमात प्या," ती म्हणायची. "घोट घोट करत बसलात तर हवा लागेल त्याला."

"अगं, मला काय डब्यात भरतेस का?" तो हसायचा आणि पेला रिकामा करायचा.

एका दुपारी शिलाई मशीनवर बसल्या बसल्याच त्याच्या पायांतलं बळ गेलं, छातीचे ठोके चुकायला लागले. शेजारच्या न्हाव्याने त्याला दवाखान्यात पोचवलं. ती कामावरून तशीच धावली, हाताला लिंबाचा वास घेऊन. रक्तातलं पोटॅशियम भयंकर वाढलं होतं. जीव थोडक्यात वाचला.

आहारतज्ज्ञ बाईंनी तिला समोर बसवून विचारलं, "घरी काय देत होता?"

तिने सांगितलं, जरा अभिमानानेच. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"धडधाकट माणसाला हे सगळं चांगलंच. पण यांच्या किडन्यांना जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही, ते रक्तात साठतं. म्हणून तर यांना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, असले रस पूर्ण बंद."

त्या भेटीला तो एकटाच आला होता. तिला रजा मिळाली नव्हती.

खाटेपाशी गेल्यावर तिला राग आवरेना. "तुम्हाला माहीत होतं! मग काय तोंड शिवून घेतलं होतं?"

"तू रडायची थांबली होतीस," तो हळू म्हणाला. "रस काढायला लागलीस आणि थांबलीस. म्हटलं, पेलाभराने काय होतंय."

ती खाटेची कड धरून उभी राहिली. माणूस वाचवायला निघालेल्या बाईला तिच्याच माणसाने असं सांभाळून घेतलं होतं, आणि त्यात तो हातचा जाणार होता.

"यापुढे मला बरं वाटावं म्हणून काहीही गिळायचं नाही," ती म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू फुटलं.

आता ती भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळते आणि पोटॅशियम उतरलेलं ते पाणी ओतून देते. फळाचं सत्त्व राखण्यात जन्म गेला, त्यामुळे ओतताना हात अडखळतो. सफरचंद तेवढं थोडं चालतं. आज तिने एक फोड कापून बशीत ठेवली.

"लिंबाच्या पाण्यात टाकायची राहिली की," तो म्हणाला.

"पडू दे काळी. तुम्ही सावकाश खा."

तो सावकाश खात राहिला. कामाला उशीर होत होता, तरी ती समोर बसून राहिली.