तळघरातल्या पाकळ्या

मुलांनो, डोळे मिटा आणि जूनमधली एक दुपार समोर आणा. भट्टीचं दार उघडावं तसा दक्षिणेचा वारा सुटलाय. दगडी रस्त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. आता एका घराचं ठेंगणं दार उघडा आणि पायऱ्या उतरायला लागा. चार पायऱ्या उतरलात की अंगावर काटा येईल, इतकं गार आहे खाली. डोंगराच्या मऊ दगडात खोदलेलं तळघर आहे हे. एरवी इथे वाइनची पिंपं असतात. आज मात्र जमिनीवर चादरी अंथरल्यात आणि त्यांवर नुसत्या पाकळ्या आहेत, लाल, पांढऱ्या आणि पिवळ्या.

पिवळ्या पाकळ्यांशेजारी देलिया बसली होती. वय वर्षं नऊ.

‘प्रभूच्या देहाचा सण’ या ख्रिस्ती सणाला त्या डोंगरावरच्या गावात चर्चपासून खालपर्यंत सगळा रस्ता फुलांच्या चित्रांनी भरतात. प्रत्येक घराची एक चौकट ठरलेली. देलियाच्या घराचं चित्र तिची आई काढायची. या वर्षीचंही तिनेच काढलं होतं, अंथरुणात बसून: पिवळ्याधमक शेतावर झेपावणारं काळं पाखरू, पाकोळी. मार्चमध्ये आई गेली. चित्र मागे राहिलं. ते आईने काढलं तसंच रस्त्यावर उतरावं, एवढंच देलियाला हवं होतं.

"पाकळ्यांवर पाणी मारायचं नाही," सेत्तिमिओ आजोबा सांगत होते. हे आईचे काका. "पाणी जमिनीवर शिंपडायचं. थर पातळ ठेवायचा. आणि अधूनमधून बोटांनी सैल करायच्या. आई तुझ्या केसांतला गुंता सोडवायची ना, तशा."

"आणि झाकायच्या?"

"अजिबात नाही. तुझी आईसुद्धा लहानपणी हेच विचारायची. मी नाही म्हटलं की रुसून बसायची."

आजोबा जेवायला वर गेले. तेवढ्यात शेजारच्या इनेसमावशी दारातून डोकावल्या. "आमच्या फुलांनी तर माना टाकल्या ग बाई. तुमचीही काही टिकत नाहीत बघ. हात फिरवणारी होती, ती गेली."

त्या निघून गेल्या. देलिया चादरीवर वाकली. तिने एका पाकळीला हात लावला. ती मलूल वाटली. आईला ताप चढला की काय करायचं, ते तिला ठाऊक होतं. तिने सगळ्या पिवळ्या पाकळ्या गोळा केल्या, द्राक्षांच्या टोपलीत तळव्यांनी दाबून भरल्या आणि वरून ओलं फडकं घडी घालून ठेवलं. मग टोपली कोपऱ्यात, पिंपामागे सरकवली, कुणाचा धक्का लागायला नको म्हणून. आजोबा परत खाली आल्यावर त्यांना म्हणाली, "पिवळ्यांचं मी बघते."

सकाळी तिने फडकं काढून आत हात घातला आणि झटकन मागे घेतला.

"आजोबा, यांना ताप आलाय."

आजोबांनी मनगटापर्यंत हात घातला. ढिगाचं पोट गरम होतं. मधल्या पाकळ्या तपकिरी, चिकट झाल्या होत्या. 

"खुडलेलं फूलही श्वास घेतं, पोरी. दाबून ठेवलं की स्वतःच्याच वाफेत शिजतं."

"मी मारलं त्यांना."

"देठावरून खुडली तेव्हाच ती जायला लागली. आपण फक्त सणापर्यंत थांबवून धरतो. तळघराचं काम तेवढंच."

देलिया फडक्याकडे बघत होती. "आईच्या कपाळावर पण मीच ठेवायचे. ओलं फडकं."

आता आजोबांच्या लक्षात आलं. ते गुडघे धरत खाली बसले.

"इकडे बघ माझ्याकडे. तुझ्या आईचा आजार छातीत होता. फडक्याने त्यात काही बिघडलं नाही आणि सुधारलंही नाही. पण ते तिला गार वाटायचं. मलाच म्हणायची, काका, तुमचा हात जड आहे, देलियाला बोलवा."

तेव्हा देलिया रडली. मार्चपासून पहिल्यांदा. आजोबा उठले नाहीत.

नंतर दोघांनी पाकळ्या निवडल्या. निम्म्याच चांगल्या निघाल्या. रविवारी, सणाच्या दिवशी पहाटे, रस्त्यावर पाकोळीचे पंख कॉफीच्या उकळलेल्या चोथ्याने काळे झाले, पण पिवळं शेत पुरेना. आजोबांनी खालच्या बाजूला तपकिरी पाकळ्या पसरल्या, नांगरलेल्या जमिनीसारख्या.

"आईने असं नव्हतं काढलं," देलिया म्हणाली.

"नव्हतंच," आजोबा म्हणाले, आणि पसरत राहिले.

चर्चची मिरवणूक रस्त्याच्या कडेकडेने गेली. चित्रांवर कुणी पाय ठेवला नाही. तो मान सोमवारच्या संध्याकाळी मुलांचा असतो. घंटा झाली की चर्चच्या पायरीपासून गावातली सगळी पोरं धावत सुटतात, आणि सगळा रस्ता विस्कटून टाकतात.

सोमवारी देलिया मुलांत गेली नाही. आपल्या चौकटीच्या कडेला हात पसरून उभी राहिली.

"ए देलिया, हो ना बाजूला," तिचा मावसभाऊ मिर्को वरून ओरडला. "आम्हाला धावायचंय."

"हे माझ्या आईचं आहे."

"मग? पुढचं माझ्या आजीचं आहे. त्याच्यावरून पण धावणार आहे मी."

ती खाली वाकली. पिवळ्या पाकळ्यांच्या कडा उन्हाने वळल्या होत्या. शेत आणि माती आता जवळजवळ एकाच रंगाची दिसत होती. आजोबा दारात खुर्चीवर बसले होते. त्यांनी तिला हाक मारली नाही.

घंटा वाजली. वरून शेकडो पावलांचा आवाज येऊ लागला.

देलियाने चपला काढल्या, आणि दुसऱ्या कुणाचं पाऊल पडायच्या आत आईच्या शेतावर पहिलं पाऊल स्वतःच टाकलं.