थप्पीवरची जागा

अडीच वाजून गेले तरी रामाजी जेवायला आला नाही, तेव्हा पंचफुलाबाई भाकरीचं फडकं तसंच बांधून ठेवून भावनाला शोधत यार्डात आली.

भावना थूल रुळांच्या कडेला उभी राहून मालगाडीवर चढणाऱ्या कंटेनरांचे नंबर हातातल्या यादीशी ताडून पाहत होती. वर्धेपासून अर्ध्या तासावरचं हे कोरडं बंदर. समुद्र इथून सातशे किलोमीटर लांब. पण परदेशी जाणारा माल इथेच कंटेनरात भरायचा, इथेच सील करायचा आणि गाडीने थेट मुंबईच्या धक्क्याला रवाना करायचा. बोरगाव मेघेची भावना सात वर्षांपूर्वी गेटवर ट्रकचे नंबर लिहायला लागली होती. आता ती रिकाम्या कंटेनरात शिरून पत्र्याला कुठे भोक आहे का बघायची, माल मोजायची, संत्र्यांच्या थंड कंटेनरांचं तापमान टिपायची, ड्रायव्हर सुट्टीवर असला तर मोठी क्रेनही चालवायची. आणि दार लावून सील ठोकणं तर तिचंच काम.

"भावनाताई, आमचे हे दिसले काय तुमाले?" पंचफुलाबाईने विचारलं. नवरा-बायको दोघंही इथेच कामाला. ती झाडझूड करायची, तो पोती वाहायचा.

"ढेपीवर होते ना सकाळी. जेवले नाई काय अजून?"

"नाई ना. सकाळपासून ताप होता अंगात, थंडी वाजून राह्यलती. म्या म्हटलं घरी राहा, तर आयकलं नाई. गेटवर पाह्यलं, नळापाशी पाह्यलं. चपला तं शेडपाशीच पडल्या हायेत."

भावनाचं बोट यादीवर होतं तिथेच थांबलं.

सोयाबीनच्या ढेपेचे, म्हणजे तेल काढून उरलेल्या पेंडीचे, चार कंटेनर आज भरले होते. ढेपेला कीड लागू नये म्हणून आत गोळ्या ठेवतात. दार बंद झालं की त्यांचा हळूहळू वायू होतो, आणि तो वायू कीड आणि माणूस यांत फरक करत नाही. पोत्यांची थप्पी छताला भिडत नाही. वर हात-दीड हात जागा उरते. दार लावण्याआधी शिडीवर चढून त्या जागेत टॉर्च मारून पाहायचं, हा नियम. पहिल्या दोन कंटेनरांत तिने पाहिलंही होतं. तिसऱ्याच्या वेळी क्रेन येऊन उभी राहिली, शिफ्टचे साहेब लक्ष्मणराव वॉकीटॉकीवर घाई करायला लागले, आणि तिने खालूनच नजर टाकून दारं ओढली. तिसऱ्याची, आणि चौथ्याचीही. डिसेंबरच्या गारठ्यात तापाने कुडकुडणाऱ्या माणसाला ढेपेच्या उबदार पोत्यांवर आडवं व्हावंसं वाटेल, हे तेव्हा तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

दोन्हींना सील ठोकलं होतं दोन वाजता. घड्याळात दोन चाळीस झाले होते.

ती धावत शेडकडे गेली. गोळ्या ठेवणारा सचिन हातमोजे धूत होता. "सचिनभाऊ, किती वेळात चढते गॅस?"

"थंडीत हळू चढते. पण तासाभरात आत थांबता येत नाई. काऊन?"

"रामाजी सापडून नाई राह्यले."

सचिनने नळ तसाच सोडला आणि मास्कची पेटी उचलली.

तिसरा कंटेनर अजून जमिनीवर होता. भावनाने कटर लावलं तेवढ्यात लक्ष्मणराव आलेच. "काय करून राह्यली तू? कस्टमचं सील हाय ते!"

"आत माणूस असू शकते, साहेब."

"असू शकते? पाह्यलं नोयतं काय तू लावताना?"

भावनाने त्यांच्याकडे पाहिलं. "नाई पाह्यलं. चढलीच नाई मी."

सील कट्ट आवाज करत तुटलं. दारं उघडताच लसणासारखा उग्र दर्प बाहेर आला. सचिनने मास्क चढवून गोळ्यांची पाकिटं आधी बाहेर ओढली, मग शिडीवर चढून टॉर्च मारला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाली उतरला आणि मान हलवली. आत कोणी नव्हतं.

लक्ष्मणरावांचा चेहरा लाल झाला. "झालं समाधान? तो गेला असंन गावाकडे कुठी. आता याचा जबाब कोण देईन?"

"चौथा राह्यला," भावना म्हणाली.

चौथा कंटेनर गाडीवर चढला होता. त्याची दारं पुढच्या कंटेनराला चिकटलेली, म्हणजे खाली उतरवल्याशिवाय उघडणार नव्हती. इंजिन लागलं होतं. गाडी तीन पाचला सुटायची होती आणि तीन वाजायला सहा मिनिटं कमी होती.

भावना मालगाडीच्या वाघिणीवर चढली आणि लोखंडी गजाने पत्र्यावर जोरजोरात ठोकलं. मग कान लावला. इंजिनाच्या घरघरीशिवाय काही नाही. पुन्हा ठोकलं. आतून काहीच आलं नाही.

"आवाज येते काय?" खालून लक्ष्मणरावांनी विचारलं.

"नाई येत."

"मंग?"

"बेसुद माणूस आवाज कसा देईन, साहेब?"

पंचफुलाबाई तोवर रुळांपाशी येऊन उभी राहिली होती. ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. हातात रामाजीच्या चपला होत्या. लक्ष्मणरावांनी एकदा त्या चपलांकडे पाहिलं, एकदा इंजिनाकडे, आणि मग वॉकीटॉकी तोंडाशी नेली. "गाडी थांबवा. हो, म्या सांगून राह्यलो, थांबवा! क्रेन इकडे पाठवा."

क्रेन आली, तिचे चारही पंजे कंटेनराच्या कोपऱ्यांत बसले. कंटेनर उचलला जाऊन जमिनीला टेकेपर्यंत पाच मिनिटं गेली. भावनाला ती सरता सरेनात. टेकल्याबरोबर तिने सील तोडलं. सचिनने पाकिटं बाहेर फेकली, वर टॉर्च मारला आणि मास्कमधूनच ओरडला, "हाय! मागं हाय, पार भिंतीपाशी!"

पण सचिनचे खांदे त्या फटीत मावेनात. दोनदा घुसायला पाहिलं, दोन्ही वेळा अडकला. भावनाने ओढणी कमरेला बांधली. "आना तो मास्क."

"आजून हवा गेली नाई आतली."

"आना म्हनते ना!"

ती पोटावर सरपटत आत गेली. पाठीला छताचा पत्रा घासत होता, मास्कमध्ये स्वतःचाच श्वास मोठमोठ्याने ऐकू येत होता. कोपरं टेकत ती मागच्या भिंतीकडे सरकत गेली, तेव्हा टॉर्चच्या उजेडात आधी अनवाणी तळवे दिसले. रामाजी गोणपाट पांघरून कुशीवर पडला होता. तोंडाजवळ उलटी. तिने पाय धरून हलवला. काही नाही. जोरात चिमटा काढला. पाय किंचित आखडला.

"जित्ते हायेत!" ती ओरडली, पण मास्कमधून बाहेर कोणाला कळलं नाही.

गोणपाटासकट तिने त्याला ओढायला सुरुवात केली. हातभर ओढायचं, थांबायचं, पुन्हा हातभर. अर्ध्या वाटेवर दंडातून कळा निघायला लागल्या. दाराच्या बाजूने सचिनने हात लांबवून तिचा घोटा पकडला, आणि लक्ष्मणराव शिडीवर चढून त्याच्या मागे उभे राहिले. तिघांनी मिळून रामाजीला उजेडात आणलं.

रुग्णवाहिकेने सावंगीच्या दवाखान्यात नेईपर्यंत वाटेत त्याला दोनदा उलटी झाली. डॉक्टर म्हणाले, आजची रात्र जाऊ द्या, मग सांगतो.

ऑफिसात लक्ष्मणरावांनी कागद पुढे सरकवला. "लिहिजो की लेबर स्वतःहून आत झोपला, कोणाले दिसला नाई. खोटं तं नाई ना ते?"

"अर्धं हाय," भावना म्हणाली. तिने लिहिलं की तिसऱ्या आणि चौथ्या कंटेनरात ती शिडीवर चढली नव्हती. घाई कोणी केली, तेही लिहिलं. लक्ष्मणरावांनी ते दोनदा वाचलं आणि शेवटी खाली सही केली.

चौकशी बसली. चौकशी संपेपर्यंत भावनाला सील लावायला मनाई झाली, पुन्हा गेटवर ट्रकचे नंबर लिहायला बसवलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून ती सावंगीला गेली. रामाजी शुद्धीवर होता, सलाईन चालू होतं. बाहेरच्या बाकावर पंचफुलाबाई एकटीच बसली होती. भावना तिच्यासमोर उभी राहिली.

"काढलं तूच, पोरी," पंचफुलाबाई म्हणाली. "मी पाह्यलं. अन् कोंडलं बी तूच."

"हो, मावशी."

पंचफुलाबाईने एकदा वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं. मग तिने बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि भावनाला बसायला जागा केली.