माळाचं बी

तुळजाबाईनं माळाच्या कवाडीत काठी आडवी धरली होती आणि बजरंग तिच्यापुढं हात बांधून उभा होता. एके काळी ज्याच्या एका हाकेवर दोन डंपर आणि एक जेसीबी हलायचे, तो माणूस आपल्या थोरल्या भावजयीपुढं शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा दिसत होता. त्याच्या मागं तेजस्विनी होती, नारायण पेठेतली, गवतांचा अभ्यास करणारी मुलगी. ती पाठीवरची पिशवी सावरत उभी होती.

"गवत पायजे म्हनता," तुळजाबाई म्हणाली. "कशाला? डंपरला चारायला?"

बजरंगनं खाली बघितलं. डंपर विकून वर्षं लोटली होती, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

विश्रांतवाडीच्या पुढं, आळंदी रस्त्यापासून आत, हे गाव कधीच महापालिकेत गेलं होतं. चहूबाजूंनी इमारती उठल्या, पण म्हसोबाचा माळ तेवढा राहिला. वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्यानं, तुळजाबाईच्या नवऱ्यानं, वरचा सपाट गवताळ तुकडा घेतला आणि बजरंगनं उतार. उताराच्या पोटात मुरूम होता, हे त्याला ठाऊक होतं, भावाला नव्हतं. तो मुरूम किती रस्त्यांखाली आणि इमारतींच्या पायात गेला याचा हिशेब त्यानंही ठेवला नाही. खडक लागला तेव्हा तो थांबला. मागं राहिली ती सोललेल्या जनावरासारखी तांबडी कूस.

गेल्या सालच्या आषाढात त्या कुशीतून तांबडा लगदा वाहत खाली आला आणि तुळजाबाईची विहीर काठोकाठ भरून गेला. बजरंग धावत गेला. मशिन लावतो, गाळ काढून देतो म्हणाला. ती म्हणाली, राहू द्या. एवढंच. तिनं शिव्या दिल्या असत्या, भावकी गोळा केली असती, तर त्याला चार घास गोड लागले असते. पण ती रोज सकाळी हंडा घेऊन त्याच्या दारावरून नळावर जायची आणि त्याच्या दाराकडं बघायचीसुद्धा नाही. तो आत चहा घेत असायचा. बशीतला चहा निवायचा, पण त्याच्यानं पिववायचा नाही.

उतारावर काहीतरी उगवलं पाहिजे, माती धरली पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्याच पावसात त्यानं बाजारातून बी आणून फेकलं होतं. ते उगवलं, डोललं आणि होळीच्या आत करपून गेलं. यंदाही लगदा वाहिलाच. मग कुणीतरी तेजस्विनीचा पत्ता दिला. तिनं उतार बघितला, मग मान वर करून माळाकडं बघितलं आणि बराच वेळ बघतच राहिली. पवना, मारवेल, कुसळी, शेडा, मधूनमधून निळीपिवळी फुलं. असा माळ शहराजवळ आता उरला नाही, असं ती म्हणाली. ही गवतं ह्याच मातीत, ह्याच उन्हात मुरलेली आहेत. उताराला बी द्यायचं तर ह्यांचंच.

म्हणजे ज्या बाईची विहीर बुजवली, तिच्याच दारात मागायला जायचं. बजरंगला एक अख्खा पंधरवडा लागला मनाची तयारी करायला.

तुळजाबाईनं सगळं ऐकून घेतलं. "बैल गेला अन् झोपा केला," ती म्हणाली. मग तिनं पोरीला माळाची रीत सांगितली. कुसळ गळल्याशिवाय इथं विळा लागत नाही. कुसळासकट कापलं तर ते जनावराच्या जिभेत घुसतं, आणि गळलेलं बी माळाच्या पदरात पडतं. मग पहिली पेंढी म्हसोबाला आणि बाकीची म्हशींना, उन्हाळा निघेपर्यंत.

तेजस्विनीनं अडचण मांडली. बी गळायच्या आत, पण पिकल्यावर घ्यावं लागेल. सगळं एकदम पिकत नाही, म्हणून जसं पिकेल तसं.

तुळजाबाईनं काठी खाली घेतली. "हातानं वरपा, ओंबीवरनं मूठ ओढून. तिसरा वाटा तुमचा, बाकी माळाचं. विळा न्हाई लावायचा, भावजी. सांगून ठिवते."

मग बजरंग आणि ती मुलगी वरपू लागली. मूठभर ओंब्या, पुढं चार पावलं, पुन्हा मूठभर. दिवसभर राबून पोत्याचा तळसुद्धा झाकायचा नाही. धोतरात कुसळं घुसायची, मांडीला टोचायची. बजरंगला ते टोचणं बरं वाटायचं.

अशात तुळजाबाईला चऱ्होलीहून बोलावणं आलं. लेक बाळंत व्हायची होती. तेजस्विनीही कॉलेजच्या कामात अडकली. आणि माळावर बजरंग एकटा असताना पूर्वेकडून आभाळ चढलं. परतीचा पाऊस. तो झोडपून गेला तर उभं बी मातीत, उतार आणखी एक साल उघडा, आणि पुढच्या आषाढात पुन्हा तेच. आयुष्यभर त्यानं एकच विद्या केली होती, काम अडलं की माणसं लावायची. त्यानं फोन फिरवला. ओळखीच्या साइटवरून गवत कापायची मशिनं घेऊन माणसं आली आणि दुपार कलायच्या आत माळ भादरून मोकळा झाला. माळाच्या कडेला बोरीच्या काटेरी कुंपणात तेवढं मशिन शिरलं नाही. बाकी सगळ्याची त्यानं गंज रचली, वरून ताडपत्री ओढली, दगड ठेवले. कित्येक महिन्यांनी त्याला हलकं वाटलं. वहिनी येईल तोवर उतारावर बी पसरलेलं असेल, ती बघेल, मग काही का बोलेना.

पाऊस चार थेंब टाकून निघून गेला.

तेजस्विनी आली तेव्हा ताडपत्री उचलताच वाफ आली, आंबूस वासाची. तिनं गंजीत हात घातला आणि चटकन काढला.

"काका, हे तापलंय आतून. बी मेलं असणार." तिनं एक ओंबी चुरगळून बघितली. "निम्मं तर हिरवंच होतं अजून. मला एक फोन करायचा होता."

"म्हशींना तरी?"

"कुसळ आहे, वर बुरशी धरलीय. नका घालू."

बजरंग त्या गंजीला टेकून उभा राहिला. पाठीला ऊब लागत होती.

तुळजाबाई बसमधून उतरली ती थेट माळावर आली. नातू झाल्याचे पेढे पदरात तसेच होते. कवाडीत आता काठी धरायचं कारण उरलं नव्हतं.

"वैनी, आभाळ आलं हुतं."

"आभाळ दर साली येतं," ती म्हणाली. "माळानं कधी ताडपत्री मागितली न्हाई."

ती सगळ्या माळावरून फिरली. मधूनच वाकून खुंटांना हात लावत होती, जसा तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात. कुंपणापाशी थांबली.

"हितलं ऱ्हायलंय."

"मशिन शिरंना तिथं."

"मग हात शिरतो का बघा."

बजरंग पोटावर सरपटत बोरीच्या जाळीत शिरला. काट्यांनी हात सोलले. एकेक ओंबी ओढून त्यानं उपरण्यात बांधली. निघालं ते जेमतेम पाटीभर. तुळजाबाईनं ते सुपात घेतलं, पाखडलं आणि मधोमध बोटानं रेघ ओढली. अर्धं तिनं माळावर परत उधळलं. उरलेलं त्याच्यापुढं सारलं आणि घरी गेली.

त्या हिवाळ्यात बजरंग कडबा आणून तिच्या गोठ्यापुढं टाकायचा. म्हशी हुंगायच्या आणि तोंड फिरवायच्या. दूध आटलं. संक्रांतीनंतर धाकटी म्हैस दावणीला दिसली नाही. विकली असणार. त्या मोकळ्या खुंट्यावरून त्याची नजर रोज जायची.

जेठात त्यानं आणि तेजस्विनीनं उतारावर दगडांच्या ओळी लावल्या आणि त्यांच्या आडोशाला ते अर्धी पाटी बी टाकलं. आषाढात लगदा यायचा तो आलाच. बुजलेल्या विहिरीवर गाळाचा आणखी एक थर बसला. पण श्रावणात एका कोपऱ्यात घोंगडीएवढा तुकडा हिरवा झाला, आणि त्याच्याखालून निघणारं पाणी तांबडं नव्हतं. बजरंग काठी घेऊन तिथं बसू लागला. येणारेजाणारे हसायचे, मुरूमवाले राखणदार झाले म्हणायचे. तोही हसायचा, पण जागचा उठायचा नाही.

एका दुपारी तुळजाबाई उरलेली म्हैस घेऊन आली. दावं हातातून सुटलं होतं, की तिनं सोडलं होतं, कळेना. म्हैस सरळ त्या हिरव्यावर आली. बजरंगनं काठी उचलली आणि हात तसाच वर राहिला.

"बघताय काय, भावजी? हाकला की."

"वैनी, तुमची हाय."

"कुसळ गळलं का?"

"न्हाई."

"मग?"

त्यानं काठी हाणली. म्हैस दचकून मागं फिरली. तुळजाबाईनं दावं उचललं आणि चालू लागली. चार पावलांवर, मागं न बघताच, ती म्हणाली, "उद्यापास्नं जाड काठी आना. ही तुमच्यासारकीच हाय, लवती."